बंदुकीची बैठक

नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण नेम चुकणाऱ्या माणसाला हटकून ऐकवली जाते, आणि बहुतेक वेळा ती त्याला शोभतेही. श्वास आवरत नाही, बोट घाई करते, डोळा मिटतो आणि दोष मात्र बंदुकीवर जातो. परंतु बंदुकीच्या इतिहासात अशा गोष्टीही पुष्कळ सापडतात की, नाचणाऱ्याचा पाय बरोबर पडत होता आणि अंगणच खरोखर वाकडे होते. हे वाकडे अंगण सारखे करण्याची एक विद्या आहे. लोखंडाच्या हत्याराची ही विद्या मुख्यत्वे लाकडाची आहे, म्हणून ती लोहारापेक्षा सुताराच्या हाताला अधिक जवळची.

इंग्रजीत तिला 'बेडिंग' म्हणतात. बेडिंग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आगगाडीच्या फलाटावरची पट्ट्यांनी आवळलेली वळकटी उभी राहते; म्हणून आपण तिला बंदुकीची 'बैठक' म्हणू. गवयाची बैठक जमली तर गाणे जमते, तसेच हे आहे.

रायफलीचे दोन मुख्य भाग. एक लोखंडी: नळी आणि तिच्या मागे काडतूस कोंडून धरणारी यंत्रणा. दुसरा लाकडी: खांद्याला टेकणारा आणि हातात धरायचा दस्ता. लोखंड लाकडात कोरलेल्या खाचेत बसते आणि बहुधा दोन स्क्रूंनी आवळले जाते. गोळी पुढे सुटते तेव्हा बंदूक मागे उसळते, आणि तो धक्का यंत्रणेच्या पोटाखाली असलेला एक लहानसा पोलादी खुंट लाकडावर झेलतो. दर बारानंतर लोखंड जर नेमके आपल्या जागी परत आले, तर पुढची गोळी पहिलीच्या शेजारी जाते. ते केसभर इकडेतिकडे बसले, तर जात नाही.

'केसभर' हा शब्द येथे अलंकारिक नाही. सव्वीस इंची नळीचे टोक वहीच्या दोन कागदांच्या जाडीइतके ढळले, तर शंभर यार्डांवर गोळी सुमारे एक इंच सरकते आणि तीनशे यार्डांवर तीन इंच. शिवाय बार उडताना नळी स्थिर नसते. तंबोऱ्याची तार छेडावी तशी ती थरथरते, आणि गोळी तोंडातून बाहेर पडते ती त्या थरथरीच्या मधल्याच एखाद्या क्षणी. थरथर दर खेपेला सारखी असेल तर बिघडत नाही. पण लाकूड नळीला कुठे टेकते, कुठे टेकत नाही, यावर ती थरथर अवलंबून असते. मिरजेचे तंतुवाद्य करणारे कारागीर घोडीवरची जवारी कानसेच्या एकेका हलक्या हाताने लावतात; बंदुकीच्या कारागिराला नेमके हेच काम करावे लागते, फक्त त्याची तार अडीच-तीन पौंड वजनाची असते.

नळीच्या आत पेचदार खोबणी पाडून गोळीला फिरकी देण्याची युक्ती पंधराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषेच्या मुलखात निघाली. पुढे अठराव्या शतकात जर्मन कारागीर अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात जाऊन वसले आणि मेपलच्या लाकडाच्या लांबलचक रायफली घडवू लागले. या सर्व कारागिरांची लाकूड बसवण्याची रीत आपल्याला घरातलीच वाटावी अशी आहे. ते दिव्याची काजळी तेलात कालवत, ती लोखंडाला पुसत आणि लोखंड हलकेच खाचेत दाबून परत काढत. लाकडावर जेथे काळा डाग उमटे तेथे लाकूड उंच. तेवढेच पटाशीने खरवडायचे. पुन्हा काजळ, पुन्हा दाब, पुन्हा खरवड. सगळ्या खाचेत सारखे काळे उमटेपर्यंत हा खेळ चाले. ज्या काजळाने आपल्याकडे बाळाची दृष्ट काढतात, त्याच काजळाने तिकडे बंदुकीचा नेम सुधारत. उत्तम दस्त्याला लाकूड अक्रोडाचे, कारण ते कठीण असूनही ठिसूळ नाही आणि वाळल्यावर फारसे हलत नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र सगळा मान लोखंडाने पळवला. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल तर आपल्या इतिहासातच शिरली आहे. तिच्या काडतुसाच्या चरबीने १८५७ साली काय घडवले हे सांगणे नको. त्यानंतर तीनच वर्षांनी, २ जुलै १८६० रोजी, लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर व्हिक्टोरिया राणीने नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या मेळाव्याचे उद्घाटन केले. जोसेफ व्हिटवर्थ या नामांकित यंत्रकाराने आपली षट्कोनी छिद्राची रायफल एका लोखंडी चौकटीत पक्की आवळून चारशे यार्डांवरच्या निशाणावर रोखून ठेवली होती. राणीने रेशमी दोरी ओढली. गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर बसली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. व्हिटवर्थची नळी उत्तम होती यात शंका नाही. परंतु त्या दिवशी तिची बैठकही लोखंडी होती, हे टाळ्या वाजवणाऱ्यांच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही. राणीच्या शिपायांना मात्र तीच विद्या लाकडावर करून दाखवायची होती, आणि तीही पावसात भिजलेल्या लाकडावर.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने धूर न करणारी दारू सिद्ध केली आणि गोळीचा वेग एकदम वाढला. वेग वाढला तशी पल्ल्याची हाव वाढली, धक्का तीव्र झाला आणि लाकडाचे पाप उघडे पडू लागले. १९०० च्या सुमारास जर्मनीत कार्ल क्रान्झ याने बार उडतानाची नळीची थरथर छायाचित्रांनी टिपून मोजली. अमेरिकेत फ्रँकलिन मान या वैद्यकीची पदवी घेतलेल्या गृहस्थाने तर लाकडाला घटस्फोटच दिला. त्याने नळ्या दस्त्यातून काढून काँक्रीटच्या ओट्यावर बसवलेल्या खोबणीत ठेवल्या आणि वर्षानुवर्षे नोंदी करून १९०९ साली एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. नेम बिघडण्यात नळीचा वाटा किती, गोळीचा किती, हे वेगळे करायचे तर आधी बैठक निर्दोष हवी, हे त्याने ओळखले होते.

त्या काळच्या लष्करी रायफलींपैकी जर्मन माउझरची १८९८ ची रचना बैठकीच्या दृष्टीने सुदैवी. तिचा दस्ता अखंड एका लाकडाचा, धक्का झेलणारा खुंट पुढे आणि भक्कम. मागच्या स्क्रूभोवती तिच्यात एक पोलादी नळकांडे असे. स्क्रू कितीही आवळला तरी लाकूड चेपू नये म्हणून. आज याच नळकांड्याचे ॲल्युमिनियमचे वंशज मोठ्या कौतुकाने विकले जातात.

इंग्रजांची ली-एन्फील्ड, म्हणजे आपली 'थ्री-नॉट-थ्री', तेवढी सुदैवी नव्हती. तिचे लाकूड दोन तुकड्यांचे, पुढचे वेगळे आणि खांद्याचे वेगळे. धक्का झेलण्याची जागा पुढच्या लाकडाच्या मागील टोकाला, दोन लहानशा खांद्यांवर. ते खांदे झिजले किंवा आक्रसले की सगळी रायफल खुळखुळ्यासारखी होई. म्हणून तिच्या पोटात बारीक तरतुदी केलेल्या असत. जुन्या नमुन्यात नळीच्या टोकाखाली स्प्रिंगवर बसवलेली एक खुंटी नळीला वर रेटून धरी. दुसऱ्या महायुद्धातल्या चौथ्या क्रमांकाच्या नमुन्यात तेच काम लाकडाच्या टोकाने करायचे, आणि त्याने नळीला दोन ते सात पौंडांचा दाब द्यावा असा दंडक होता. ऑस्ट्रेलियात लिथगोच्या कारखान्याला युद्धकाळात अक्रोडाऐवजी 'कोचवुड' नावाचे नरम लाकूड वापरावे लागले, तेव्हा धक्क्याच्या जागी त्यांनी तांब्याच्या लहान पट्ट्या बसवल्या. आपल्याकडे हुगळीकाठच्या ईशापूरच्या कारखान्यात हीच रायफल विसाव्या शतकाच्या आरंभापासून बनत होती आणि १९६० च्या दशकात तिची ७.६२ मिलिमीटरची आवृत्तीही तेथेच निघाली. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला, तेव्हाही आपल्या पोलिसांच्या हाती हीच जुनी थ्री-नॉट-थ्री होती.

अशा आडमुठ्या रायफलीला वळण लावण्यात एका घराण्याने नाव काढले. ते लंडनजवळच्या बिस्ली येथील फुल्टन घराणे. ब्रिटनच्या नेमबाजीतला सर्वांत मानाचा 'राणीचा पुरस्कार' (राजा गादीवर असेल तेव्हा 'राजाचा') जॉर्ज फुल्टनने १८८८ साली मिळवला. त्याचा मुलगा आर्थर याने तो १९१२, १९२६ आणि १९३१ असा तीनदा मिळवला आणि नातू रॉबिन याने १९५८ साली. परंतु घराण्याची खरी कीर्ती त्यांच्या दुकानातल्या बाकावर होती. सरकारी साच्यातून निघालेली सर्वसाधारण रायफल त्यांच्याकडे यायची. लाकूड निवडून, खांद्यांशी नवे तुकडे सांधून, नळीला कोठे आधार द्यायचा आणि कोठे मोकळे सोडायचे हे ठरवून ते ती परत करत. नळी तीच, यंत्रणा तीच. बदललेली असे ती फक्त बैठक. आणि गोळ्यांचा पसरलेला पुंजका आवळून येई.

दुसरे महायुद्ध संपले आणि जगातल्या शस्त्रागारांत लक्षावधी रायफली बिनकामाच्या होऊन पडल्या. अमेरिकेत तर त्या टपालाने घरपोच मिळत. १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या खुनात अशीच टपालाने मागवलेली इटालियन लष्करी रायफल वापरली गेली, आणि १९६८ च्या कायद्याने हा व्यापार बंद झाला. मधल्या वीसेक वर्षांत मात्र शेतकरी, गिरणीकामगार, शाळामास्तर अशा सामान्य शिकाऱ्यांच्या घरी या स्वस्त बंदुका पोचल्या. दुकानातही स्वस्त माल निघाला. रेमिंग्टनने १९४८ साली ७२१ आणि ७२२ हे नमुने काढले. त्यांची यंत्रणा गोल, म्हणून घडवायला सोपी. आणि धक्का झेलणारा खुंट म्हणजे नळी व यंत्रणा यांच्यामध्ये दाबून बसवलेली एक पोलादी चकती. नक्षी नाही, डौल नाही. पण हा साधेपणाच नेमाला उपकारक ठरला, कारण गोल वस्तूला बैठक देणे सोपे असते.

येथून या इतिहासाचा मला सर्वांत आवडणारा भाग सुरू होतो. रिग्बीची किंवा हॉलंडची हजारो रुपयांची बंदूक असती तर तिच्या लाकडाला पटाशी लावण्याचे धाडस कोणी केले असते? स्वस्त बंदुकीने ती भीड मोडली. बिघडली तर बिघडली, म्हणून लोक शिकले. सतार शिकणाऱ्याला पहिली सतार साधीच घेऊन देतात, त्यातला हा शहाणपणा.

त्यांच्या मदतीला एक नवे द्रव्यही आले. स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने १९४६ साली 'अराल्डाइट' या नावाने इपॉक्सी चिकटा बाजारात आणला. फुटलेल्या कपाचा कान आणि चष्म्याची दांडी जोडण्यासाठी आपल्या घरोघरच्या खणात ज्या दोन नळ्या पडलेल्या असतात, त्याच जातीचे हे द्रव्य. १९५० नंतर अमेरिकन हौशी कारागिरांनी त्यात काचेचे तंतू किंवा भुकटी मिसळून बैठकी ओतायला सुरुवात केली. काजळाने दोन आठवड्यांत जे साधे ते एका रात्रीत साधू लागले.

रीत अशी. प्रथम बंदूक रिकामी आहे ना, हे दोनदा पाहायचे. मग रोगाचे निदान. नळी आणि पुढचे लाकूड यांच्या फटीवर बोट ठेवून पुढचा स्क्रू हळूहळू सैल करायचा. लोखंड बोटाखाली उसळी घेताना जाणवले, तर समजावे की स्क्रूने ते वाकवून बसवले आहे आणि बैठक खोटी आहे. मग फटीतून चलनी नोट सरकवून पाहायची; जेथे अडेल तेथे लाकूड नळीला टेकते. निदान झाले की खुंटाच्या मागची व यंत्रणेखालची लाकडाची पातळ साल काढायची, म्हणजे नव्या द्रव्याला जागा होईल. स्क्रूची भोके आणि यंत्रणेच्या सांधी मुलांच्या खेळण्यातल्या मातीने बुजवायच्या. खुंटाच्या पुढे, बाजूंना आणि खाली चिकटपट्टीचा एकेक थर द्यायचा, म्हणजे पुढे ती काढल्यावर तेथे अंतर राहील आणि खुंट फक्त मागच्या अंगाने टेकेल. लोखंडाला सर्वत्र मेण चोळायचे; कित्येकांनी बुटाच्या पॉलिशवरही भागवले आहे. मग द्रव्य ओतायचे, लोखंड बसवायचे, स्क्रू हलकेच लावायचे आणि रात्रभर हात आवरून स्वस्थ बसायचे. सगळ्यांत अवघड काम हेच.

मेण चोळायला जो विसरला त्याची रायफल लाकडाशी जन्माची जखडली. असे बळी प्रत्येक गावात सापडत आणि त्यांची थट्टा वर्षभर पुरे. पण जे जपून वागले त्यांना एक मोठा नियम सापडला: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि मग पाच गोळ्या झाडून कागद पाहावा. बैठक, नळीची मोकळीक आणि काडतूस तिन्ही एकदम बदलली, तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळत नाही. प्रयोगशाळेत पदवीधरांना शिकवावा लागणारा हा धडा त्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिळाला.

कारखानदार मात्र धडा उशिरा शिकतात. विंचेस्टरने १९६४ साली आपल्या प्रसिद्ध ७० क्रमांकाच्या रायफलीचा खर्च कमी केला. नक्षी कोरण्याऐवजी दाबून उठवली आणि नळीभोवती भलीमोठी फट ठेवली, म्हणजे लाकूड बारकाईने बसवायला नको. नळी मोकळी सोडणे हे तत्त्वतः योग्यच; पण गिऱ्हाइकांनी त्यात काटकसर ओळखली, आणि '६४ पूर्वीची' हा शब्द तिकडे अजून आदराने उच्चारला जातो.

लाकडाची शेवटची कसोटी व्हिएतनामच्या पावसात लागली. १९६६ पासून अमेरिकन मरीन सैनिकांच्या अचूक नेमबाजांना रेमिंग्टन ७०० वर आधारलेली रायफल मिळाली, दस्ता अक्रोडाचा. आपल्या कोकणातले दरवाजे आषाढात लागेनासे होतात, तसे तिथल्या दमट हवेत ते दस्ते फुगले, पिळवटले आणि नळीला टेकू लागले. १९७० च्या दशकात त्यांच्या जागी काचतंतूंचे दस्ते आले. पाचशे वर्षांचा लाकडाचा संसार अशा रीतीने मोडला. आजच्या स्वस्त रायफली प्लॅस्टिकच्या दस्त्यांत येतात. त्या पिळवटत नाहीत, पण हाताने दाबल्या तर वाकतात. म्हणजे वाकडे अंगण आहेच, फक्त जमीन बदलली.

इंचभर इकडेतिकडेसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कुमाऊंच्या जंगलात आहे. १९०७ साली जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिने ४३६ माणसे मारली होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. मेल्यावर पाहिले तेव्हा तिच्या जबड्याच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे मोडलेले होते, जुन्या बंदुकीच्या जखमेने. तिला नेहमीचे भक्ष्य धरता येईनासे झाले आणि ती माणसांकडे वळली. कोणाची तरी एक गोळी काही इंच चुकली, आणि तिची किंमत डोंगरातल्या गवत कापणाऱ्या, सरपण वेचणाऱ्या बायकांनी भरली.

त्याच कथेचा शेवटही बैठकीचाच आहे. स्वतःची काडतुसे संपल्यावर कॉर्बेट तहसीलदाराची जुनी बंदूक हातात घेऊन जखमी वाघिणीसमोर गेला. तिची नळी आणि मागचा भाग यांच्यात चांगली फट पडलेली होती. वीस फुटांच्या आत जाऊन त्याने उघड्या जबड्यावर नेम धरला आणि गोळी लागली पंजाला. कॉर्बेटसारख्या नाचणाऱ्याला अंगण वाकडे म्हणण्याचा अधिकार नक्कीच होता. वाघीण आधीच्या जखमांनी मरणाला टेकलेली होती म्हणून तो वाचला. पुढे प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी कॉर्बेटला रिग्बीची .२७५ रायफल दिली, आणि नैनितालच्या दरबारात तहसीलदारालाही एक बंदूक दिली. ती नवी बंदूक त्या भल्या माणसाला अत्यंत गरजेची होती!

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय मिटला, आणि तो मिटला हे बरे झाले. लष्करी मापाची बंदूक सामान्य माणसाला मना, म्हणून ईशापूरने काढलेली .३१५ ची रायफल परवानाधारकांच्या घरी राहिली. पण बैठकीची विद्या निराळ्या अंगणात रुजली. २०१० साली म्युनिकमध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत पन्नास मीटरच्या प्रकारात जगज्जेत्या झाल्या. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पन्नास मीटर 'थ्री पोझिशन्स'मध्ये कांस्यपदक मिळवले. त्या खेळात दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम साडेदहा मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. तेथे रायफलीचा स्क्रू किती आवळायचा हेही मोजून ठरवावे लागते.

काजळापासून अराल्डाइटपर्यंत साहित्य बदलत गेले. काम मात्र तेच राहिले. लोखंडाला दर खेपेला आपल्या जागी परत येता यावे, एवढेच त्यात साधायचे असते. अंगण वाकडे असेल तर तक्रार करण्यापेक्षा चोपणे घेऊन बसावे, हे त्या बिननावाच्या कारागिरांनी शिकवले. अंगण एकदा सारखे झाले की मग नाचणाऱ्याला सबब उरत नाही, आणि त्याच्या पायातले खरे कसब त्यानंतरच दिसू लागते.